कातड्याचं मोल

आमच्या घरात ओसरीच्या कोपऱ्यात कायम दोन गोण्या असत. एक ज्वारीची आणि दुसरी खडेमिठाची. ज्वारीची गोणी उन्हाळ्याच्या शेवटी कधी कधी रिकामी व्हायची. मिठाची गोणी मात्र अम्मानं कधी रिकामी होऊ दिली नाही. नवा पाहुणा आला की विचारायचा, "एवढं मीठ कशाला लागतं तुम्हाला?" त्या प्रश्नाचं उत्तर आज द्यायचं ठरवलं आहे. कारण माझं बी.ए.पर्यंतचं शिक्षण त्या गोणीनं केलं.

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातला, एका लहान गावचा मुलाणी. गावगाड्यात मुलाण्याचं काम ठरलेलं. पीराचा उरूस असो, नवसाची कंदुरी असो, बोकड हलाल करायला मुलाणी लागतो. मराठवाड्यात कंदुरी फक्त मुसलमानांची नसते. मूल झालं, विहिरीला पाणी लागलं, आजारपणातून माणूस उठला, की मराठा, वंजारी, धनगर, सगळ्यांच्या घरचे बोकड पीराच्या दारात येतात. अब्बा सुरी घेऊन जायचे. या कामाची मजुरी रोख मिळत नसे, मान मिळे. गावोगावचा रिवाज वेगळा, पण आमच्या गावी मानेचा तुकडा आणि कातडं हा मुलाण्याचा हिस्सा होता. मानेचा तुकडा त्या दिवशी शिजायचा. कातडं पुढचे दोन महिने घर चालवायला मदत करायचं.

मटण खाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना एक गोष्ट माहीत असते. जिवंत बोकडाचं जे वजन, त्याच्या साधारण निम्मंच मटण होतं. उरलेलं निम्मं म्हणजे मुंडी, पाय, वजडी, आतडी, रक्त, हाडं आणि कातडं. हे निम्मं फेकलं तर घाण, आणि राखलं तर कमाई. जगभरच्या गरिबांनी हे निम्मं राखलं आहे. इटलीत रोम शहरातल्या जुन्या कत्तलखान्यातल्या मजुरांना मजुरीचा काही भाग अशाच ऐवजात मिळे. जनावराचे चार मोठे भाग श्रीमंतांकडे जायचे, म्हणून या उरलेल्या ऐवजाला तिथं गमतीनं 'पाचवा चतुर्थांश' म्हणत. ते वाचलं तेव्हा मला हसू आलं. अब्बांचा मान हाच होता. चार वाटे गावाचे, पाचवा मुलाण्याचा.

थंड मुलखात तर यावर मोठा व्यापार उभा राहिला. १६७० साली स्थापन झालेल्या हडसन बे कंपनीनं कॅनडात बीव्हर नावाच्या पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्याची कातडी शेकडो वर्षं विकत घेतली. त्याच्या मऊ लोकरीपासून युरोपातल्या टोप्या होत. सापळे लावणारा माणूस कातडी कंपनीला द्यायचा, मांस घरी खायचा, आणि शेपटीजवळच्या ग्रंथी वाळवून वेगळ्या विकायचा. त्या ग्रंथींतला वासाचा पदार्थ औषधात आणि अत्तरात वापरत. मला अत्तराचा शौक आहे, म्हणून हे लक्षात राहिलं. सापळ्यातल्या एका जनावरातून तीन ठिकाणची कमाई.

पण इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानातल्या जनावरांची शिकार आणि त्यांच्या अवयवांचा व्यापार गुन्हा ठरतो. चित्रकारांच्या ब्रशासाठी मुंगसाचे केस विकणं हासुद्धा गुन्हाच आहे, आणि त्या व्यापारापायी पुष्कळ मुंगसं मारली गेली आहेत. म्हणून मी जे बोलतो आहे ते फक्त पाळीव जनावराबद्दल, त्यातही शेळी-बोकडाबद्दल. आपल्या बीड, धाराशिव, लातूर भागातली काळी उस्मानाबादी शेळी म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याची आणि ऊसतोड कामगाराची चालतीबोलती बँक. ती अनेकदा जुळी पिल्लं देते, आणि बाभळीच्या पाल्यावर, बोरीच्या काट्यावर जगते. तिच्या कातड्याचा विचार मात्र आपण कधी करत नाही.

आता कातडं म्हणजे काय ते पाहू. ताज्या कातड्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. उरलेल्याचा मुख्य भाग म्हणजे कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे धागे. ते एकमेकांत विणलेले असतात, घोंगडीसारखे. सगळी किंमत या विणीची. जनावर मेल्यावर अंगातली उष्णता आणि हवेतले जंतू मिळून ती वीण सोडवायला लागतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चार-सहा तासांत कातडं बिघडू लागतं. केस ओढले की हातात येतात, वास सुटतो. एकदा केस सुटले की त्या कातड्याला जगातला कुठलाही कारखाना वाचवू शकत नाही. म्हणजे कातड्याची किंमत चेन्नईच्या बाजारात ठरत नाही. ती बोकड पडल्यापासून पहिल्या काही तासांत, गावातच ठरते.

ती ठरवणाऱ्या दोन गोष्टी, सुरी आणि मीठ. अब्बा गळ्यावर सुरी चालवायचे, पायांच्या आतून आणि पोटावरून सरळ चीर द्यायचे, आणि मग सुरी बाजूला ठेवायचे. पुढचं काम मुठीचं. कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून दाबत दाबत कातडं उतरवायचं. घाईत सुरीनं सोललं की आतल्या बाजूला कापे पडतात. ते कापे ओल्या कातड्यात दिसत नाहीत, पण कमावल्यावर तिथं भोक पडतं. व्यापारी कातडं उजेडाकडे धरून पाहायचा. एक कापा दिसला की भाव उतरवायचा, तीन दिसले की कातडं बाजूला टाकायचा. बाभळीच्या काट्याचे ओरखडे, गोचिडांचे डाग हे जनावराचं नशीब. सुरीचा कापा ही माणसाची चूक. अब्बांच्या हातून अशी चूक झालेली मी फारशी पाहिली नाही.

कातडं घरी आलं की अम्माचं काम सुरू होई. ती ते आधी सावलीत पसरून गार होऊ द्यायची. चिकटलेली चरबी आणि मांस खरवडून काढायची. मग केसांची बाजू खाली, मांसाची बाजू वर करून खडेमीठ चोळायची. शेपटीचं टोक, मान, पायांच्या घड्या, कडा, एकही जागा सोडायची नाही. बोकडाच्या एका कातड्याला अर्धा किलोच्या वर मीठ लागतं. वजनाच्या मानानं पाहिलं तर तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. मी लहानपणी मीठ कमी घालायला बघायचो. ती म्हणायची, "बेटा, मिठात कंजूषी केलीस तर कातडं तुझ्यावर रुसेल." तिला कोलाजेन ठाऊक नव्हतं. मीठ कातड्यातलं पाणी ओढून घेतं आणि पाणी गेलं की जंतूंना जगता येत नाही, एवढं तिला हातानं ठाऊक होतं. कातड्यांची चवड उतरत्या फरशीवर लावायची, म्हणजे खारं पाणी वाहून जातं. दुसऱ्या दिवशी ओलावा दिसला तर पुन्हा मीठ. कडक उन्हात वाळवायचं नाही, नाही तर वरून कडक आणि आतून कुजकं होतं. असं खारवलेलं कातडं कित्येक आठवडे टिकायचं. आठवडी बाजाराच्या दिवशी व्यापारी यायचा, मोजून न्यायचा, आणि पुढं ते तमिळनाडूतल्या कारखान्यांकडे जायचं. शाळेत असताना परीक्षेचा फॉर्म दोन कातड्यांत भरला जाई, हे मला चांगलं आठवतं.

बकरी ईदच्या कातड्यांचा हिशेब मात्र वेगळा, आणि तो न समजल्यानं बरेच गैरसमज होतात. कुर्बानीचं कातडं मालकानं स्वतः वापरलं तर चालतं. कुणाला भेट दिलं तरी चालतं. पण विकून पैसे स्वतःच्या खिशात घालता येत नाहीत. विकलं तर ते पैसे गरिबांचे. आणि ते कातडं खाटकाला किंवा मुलाण्याला मजुरी म्हणूनही देता येत नाही. मजुरी रोख द्यावी लागते. म्हणून ही कातडी मदरशांना आणि अनाथ मुलांच्या वसतिगृहांना देण्याची रीत पडली. अनेक मदरशांचा वर्षाचा धान्याचा खर्च या कातड्यांवर निघायचा.

आमच्या गावची ईदची कातडी आमच्याच ओसरीवर खारवली जायची, कारण मीठ लावणारा हात आमच्याकडे होता. अम्मा दोन चवडी लावायची. डावीकडची आमची, उजवीकडची अमानत. १९९० साली माझ्या बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाचा प्रवेश ईदनंतर आठवड्याभरात संपत होता. फी भरायला पैसे नव्हते. डावीकडे तीन कातडी होती, उजवीकडे तिसांच्या वर. मी अब्बांना म्हटलं, "यातली चार-पाच विकू, पुढच्या कंदुरीला भरून टाकू." अब्बा काही बोलले नाहीत. ते उठले आणि दोन चवडींच्या मध्ये एक पाटी आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी अम्मानं शेळीची दोन्ही करडं बाजारात नेली. ती अजून वाढायची होती, भाव पडूनच मिळाला. त्यात फी भरली. त्या पाटीचं मला आजही वाईट वाटत नाही. मी जे बोललो त्याचं वाटतं.

लाजेची गोष्टही सांगितली पाहिजे. कॉलेजात मी मागच्या बाकावर बसायचो. कपड्यांना कातड्याचा वास येतो अशी मला सारखी भीती असे. कातड्याशी संबंध असलेल्या माणसाला आपल्या समाजानं फार दूर ठेवलं आहे. ज्यांनी कातडी कमावली, त्या ढोर समाजानं बाराव्या शतकातल्या शरण ककय्यांना आपलं मानलं. ज्यांनी त्याचे जोडे शिवले, त्या चर्मकारांनी संत रोहिदासांना मानलं. आणि ज्यांच्यावर मेलेली जनावरं ओढण्याची सक्ती होती, त्यांना ते काम सोडा असं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितलं. ते सांगणं बरोबरच होतं. जे काम जन्मानं लादलं जातं त्यातून कमाई झाली तरी इज्जत मिळत नाही. म्हणून आज मी कातड्याच्या कमाईबद्दल बोलतो तेव्हा अमक्या जातीनं हे करावं असं म्हणत नाही. ज्याच्या दारात बोकड कापला जातो त्या प्रत्येकानं, जातपात न बघता, मिठाला हात लावावा असं म्हणतो.

कमावणं म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. खारवलेलं कातडं पाण्यात भिजवून मीठ काढतात. मग चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सैल करतात आणि खरवडतात. मग त्याला झाडांच्या सालींचा रस पाजतात. त्या रसातलं तुरट द्रव्य कोलाजेनच्या धाग्यांना घट्ट धरून बसतं आणि मग कातडं कुजत नाही, त्याचं चामडं होतं. या तुरट द्रव्यासाठी बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल वापरत. तरवड म्हणजे आपल्या माळरानावर पिवळ्या फुलांनी भरलेलं, घटस्थापनेला ज्याच्या फुलांची माळ घालतात तेच झुडूप. या पद्धतीला कित्येक आठवडे लागतात. एकोणिसाव्या शतकात क्रोम नावाच्या धातूचे क्षार वापरून एक-दोन दिवसांत चामडं करण्याची युक्ती निघाली आणि सालीची पद्धत मागं पडली. पण संपली नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं सालीवर आणि हिरड्यावर कमावण्याची रीत आहे. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात एका बड्या इटालियन कंपनीनं तशीच चप्पल आपली म्हणून मांडली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आपल्याला आठवत असेल. ज्या गोष्टीला आपण नाक मुरडतो, तिची नक्कल करायला दुसरे तयार असतात.

कातड्याचे भाऊबंदही आहेत. तेच कोलाजेन हाडांत असतं. हाडं आणि कातड्याचे तुकडे उकळले की सरस निघतो. जुन्या पुस्तकांच्या पाठीला तो लावत. आणखी शुद्ध केलं की जिलेटीन, औषधाच्या कॅप्सूलची टोपणं त्याचीच. उरलेल्या हाडांची भुकटी फॉस्फरसचं चांगलं खत आहे. शेळ्यामेंढ्यांच्या आतड्यापासून शस्त्रक्रियेचा असा दोरा करत की जो टाका काढावा लागत नाही, शरीरातच विरघळतो. आता त्याची जागा बरीचशी कृत्रिम दोऱ्यांनी घेतली आहे. आणि हलगी, डफ, ढोलकी, तबला, या सगळ्यांच्या तोंडावर बोकडाचंच कातडं. आपल्या जत्रेत वाजणारी हलगी आणि जत्रेत कापला जाणारा बोकड यांचं नातं असं जवळचं आहे.

मग हे सगळं मोडलं कसं? कारणं अनेक आहेत. लोक चामड्याचे बूट सोडून कापडी आणि रबरी बूट घालू लागले. रेक्झिन स्वस्त झालं. कारखान्यांच्या खाऱ्या आणि क्रोमच्या पाण्यानं नद्या आणि विहिरी नासल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या कारखान्यांना सांडपाण्याबद्दल कडक शब्दांत सुनावलं. त्यांचा खर्च वाढला, आणि तो वाढायलाच हवा होता. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आली. बोकडाचा त्या कायद्याशी संबंध नाही. पण आमच्या भागात दोन्ही मालांचा व्यापारी एकच होता. त्यानं गाळा बंद केला, तेव्हा बोकडाच्या कातड्यालाही दार उरलं नाही. मग २०२० ची टाळेबंदी. जे कातडं एके काळी घराला हातभार लावायचं त्याला आमच्याकडे पाच-दहा रुपयेही कुणी देईना. अर्धा किलो मीठ आणि घामाची किंमत त्याहून जास्त. माणसं मीठ लावायची थांबली. मीठ थांबलं म्हणून माल कुजला, आणि माल कुजका म्हणून उरलेले व्यापारीही यायचे थांबले.

२०२३ साली बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, २९ जूनला. राज्यात अनेक गावांच्या मुसलमानांनी त्या दिवशी नमाज पढून कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायचं ठरवलं. आमच्या गावानंही तेच केलं. कुर्बानी तीन दिवसांत केव्हाही करता येते, त्यामुळे धर्माची अडचण नव्हती. मला त्या निर्णयाचा अभिमान वाटला. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओढ्याकाठी गेलो तर पोरं खड्डा खणून कातडी पुरत होती. मदरशानं ती घ्यायला नकार दिला होता. न्यायचा टेम्पोचा खर्चही निघत नव्हता. मी त्यातली दोन चांगली कातडी मागून घेतली. घरी मिठाची गोणी नव्हती. दुकानातून पुड्या आणल्या, आणि अम्मानं शिकवल्याप्रमाणे चोळल्या. महिनाभरानं ती शेजारच्या गावच्या हलगीवाल्याला भेट दिली. त्याच्या हलगीवर प्लॅस्टिकचा पापुद्रा होता. त्यानं कातडं उजेडाकडे धरून पाहिलं आणि विचारलं, "गुरुजी, आजकाल असं खारवतंय कोण?"

मी श्रोत्यांना खोटी आशा दाखवणार नाही. एकट्या माणसानं एका कातड्यात आज पैसे मिळणार नाहीत. पण एका उरुसात पन्नास-शंभर बोकड पडतात. तिथं यात्रा कमिटीनं मिठाच्या दोन गोण्या आणि उतरती फरशी दिली, सोलणाऱ्याला सुरी जपायला सांगितलं, आणि गावातल्या बचत गटानं माल एकत्र ठेवून एकाच व्यापाऱ्याला दिला, तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो आणि भाव बोलायला तोंड उरतं. हलगी-ढोलकी करणाऱ्यांना निवडक कातडी थेट देता येतील. हाडं वेगळी ठेवली तर खताला जातील. आणि काहीच विकलं गेलं नाही, तरी ओढ्याचं पाणी नासणार नाही आणि भटकी कुत्री गोळा होणार नाहीत. ही कमाईही लहान नाही. बकरी ईदच्या कातड्यांचं तर आणखी सोपं आहे. ती विकून पैसे आपल्याला घ्यायचेच नसतात. मग तोटा कसला मोजायचा? मिठाचा खर्च हाच सदका समजा.

जनावर आपल्यासाठी जीव देतं. त्याचं निम्मं अंग खाऊन उरलेलं निम्मं उकिरड्यावर फेकणं हा माझ्या घरी गुन्हा समजला जाई. अब्बा आता नाहीत, अम्माही नाही. ओसरीवर पुन्हा एक गोणी आणून ठेवली आहे. येत्या उरुसाला कुणाला मीठ हवं असेल तर घेऊन जावं.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)